टेबलाच्या पायाला

टेबल दारातून आत येईना.
हमीदभाई परकारांनी दोनदा आडवं धरलं, एकदा उभं,
मग बिडी विझवून कानामागे ठेवली
आणि चारही पाय कापले, बाहेरच, भर रस्त्यात.
आत आणून पुन्हा जोडले. पितळी स्क्रू.
लोखंडाचा हर्णैत भरवसा नाही, म्हणाले.
एक पाय तेवढा बोटभर आखूड राहिला.
त्याखाली मी घातलीय
कंपनीची नियमावली, चौघडी करून.

ही खोली जाळ्यांची होती.
चुना दोनदा मारला, तरी दुपारी तीनच्या सुमारास
भिंतीतून सुकटीचा वास उठतो,
झोपलेलं माणूस उठून बसावं तसा.
खुंट्या सात. एकीवर राउटर,
एकीवर छत्री, एकीवर मीटिंगपुरता बरा कुर्ता.
सातवीवर अजून एक जाळं आहे, निळं.
नेते गो दोन दिवसांत,
म्हणाल्या होत्या घरमालकीण द्रौपदी पावशे.
त्याला आता दीड महिना झाला.

माझं काम विम्याच्या दाव्यांचं.
कुठून कुठून फोटो येतात,
दिवसाला पन्नास चेपलेले बंपर,
फुटके दिवे, दारांवरचे ओरखडे.
मी मोठे करून बघते, ठरवते
हे परवाचं, की आधीचंच.

पहिले आठ दिवस काही बस्तान बसेना.
खुर्ची खिडकीकडे केली, तर समुद्रावरचं ऊन
थेट पडद्यावर.
भिंतीकडे केली, तर कॅमेऱ्यात पाठीमागे ते जाळं,
आणि पुण्याहून शलाका विचारणार,
सुट्टीवर आहेस का गं?
बंदरावर लिलाव सुरू झाला
की मी आवाज बंद करायची.
एकदा विसरले.
पापलेटचा भाव सगळ्या टीमला कळला.

मंगळवारी वीज गेली.
इन्व्हर्टरला पंखा किंवा मी, एकच काहीतरी झेपतं.
द्रौपदीबाई आल्या, जाळं न्यायलाच,
पण नेलं नाही.
खाली फतकल मारली, कमरेची सुई काढली
आणि फाटलेलं सांधायला लागल्या,
जणू टेबल, खुर्ची, मी,
सगळं इथे कधीपासूनचंच.

मग मान वर करून पडद्याकडे बघितलं.
पांढरी गाडी, डावा दरवाजा, दावा चौदा हजारांचा.
जुना मार हाय ह्यो.
कडेला बघ, गंज कसा पोटातून आलाय.
दोन दिवसांचा नुसता वर बसतो,
बोटाला लागतो, हळदीगत.

मी मोठं करून बघितलं. होता.
पोटातून.

पुढचा फोटो रिक्षाचा.
चेपलेल्या टपाखाली दप्तर, एका बंदाला
प्लास्टिकचा पोपट.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ह्याला देऊन टाक.
मला तसा अधिकार नाही, मी म्हटलं,
आधी कागद लागतात, तीन सह्या,
पंचनाम्याची प्रत.
मग तू कशाला बसलीस हितं?
म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला.

तो दावा अजून माझ्याकडेच आहे.
उघडते. पोपट बघते. बंद करते.

आता त्या रोज येतात, अकरानंतर, मासळी विकून.
जाळ्याचं एक टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्यात,
दुसरं टेबलाच्या आखूड पायाला.
गाठ आवळली की टेबल हलतं,
कपात चहा हलतो,
पडद्यावर माझा चेहरा हलतो.
परवा मोठे साहेब मध्येच थांबले.
तिकडे भूकंप वगैरे होतोय का?
नाही सर, म्हटलं, नेटवर्क.

द्रौपदीबाई हसल्या की नाही, कळलं नाही.
तोंडात सुई होती.